शेत पाहून जुळलेली लग्नं: आयर्लंडच्या खेड्यातल्या चालींवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आयर्लंडच्या खेड्यातल्या लग्नांबद्दल जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते, लग्न न झालेल्यांच्या पाठीवर खडूनं रेघा मारायची चाल आणि गवताचे मुखवटे घालून मांडवात शिरणारे लोक, बस एवढंच. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की या महिन्याचं अख्खं सदर त्यालाच देऊन राहिले. नावं नेहमीसारखी गाळली आहेत, गाव तेवढं ठेवलं आहे.

प्रश्न (संत्रा बागायतदार, काटोल): ताई नमस्कार. तुम्ही लिहिलं की तिकडं लग्न जुळवाले मध्यस्थ असे. मग हुंडा पण असन का? आमच्याकडे स्थळ पाहाले आले की पहिले विचारतात शेती किती, ओलीत किती, बाग किती वर्षाची. मले वाटे हे आपल्याच इकडचं दुखणं आहे. गोऱ्या लोकांतही असंच होतं का, का ते सगळे प्रेमविवाहच करत होते?

उत्तर: भाऊ, हुंडा होता, शेत पाहणं पण होतं, आणि प्रेमविवाहाची खेड्यात फारशी सोय नव्हती. तुमचा प्रश्न मुद्दाम पहिला घेतला कारण शकुन, मुखवटे, गाणी हे सगळं वरचं आहे, त्याच्या खाली जमीन आहे आणि ती समजली की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

पद्धत साधारण अशी. मुलाकडचा एखादा बोलका माणूस, कधी मामा, कधी शेजारी, कधी याच कामात मुरलेला मध्यस्थ, व्हिस्कीची बाटली घेऊन मुलीच्या बापाकडे जायचा, नाहीतर जनावरांच्या बाजाराच्या दिवशी दोन्हीकडचे पबमध्ये बसायचे. जमीन एकरात मोजायच्या ऐवजी बरेचदा गाईत मोजायचे, म्हणजे दहा गाई पोसेल एवढं शेत, पंधरा गाई पोसेल एवढं शेत. मग आकड्यावरून घासाघीस. मुलाचा बाप एवढे पौंड आणि एवढ्या गाई म्हणणार, मुलीचा बाप खाली ओढणार, एखादा रागावून उठून जाणार, मध्यस्थ त्याला दारातून परत आणणार. जमत आलं की मुलीकडचे लोक शेत पाहायला यायचे आणि बांधाबांधानं फिरायचे, माती कशी आहे, पाणी कुठून येतं, रस्ता किती लांब, गोठ्यात जनावरं किती. त्या दिवसापुरत्या शेजाऱ्याच्या गाई आणून आपल्या गोठ्यात बांधल्याच्या गोष्टी तिकडं सांगतात.

हे झालं की तालुक्याच्या गावी वकिलाकडे लेखी करार. १९३० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाचे कॉनरॅड अरेन्सबर्ग आणि सॉलन किंबॉल हे दोघं पश्चिमेकडच्या क्लेअर परगण्यात जाऊन राहिले आणि त्यांनी हे सगळं नोंदवून ठेवलं. करारात मुलाच्या म्हाताऱ्या आईबापाचा पण हक्क लिहिलेला असायचा: घरातली पश्चिमेची खोली, शेकोटीपाशी बसायची जागा, एका गाईपुरतं गवत, थोडे बटाटे, रविवारी चर्चला जायला गाडीत जागा. स्वतःच्याच घरात शेकोटीपाशी बसायचा हक्क कागदावर लिहून घ्यावा लागतो, यावरून सून घरात येणं म्हणजे केवढी उलथापालथ होती ते समजते.

आणि हुंडा जायचा नवऱ्याच्या बापाकडे. तो त्याच पैशातून आपली एखादी मुलगी उजवायचा, म्हणजे तीच रक्कम या घरातून त्या घरात आणि तिथून पुढच्या घरात फिरत राहायची. एका घरात सहा-सात लेकरं, शेत मात्र एकाच मुलाला आणि हुंडा बरेचदा एकाच मुलीपुरता. बाकीच्यांनी काय करायचं? जहाजात बसायचं. हे असं कडक झालं ते १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळानंतर. त्याच्या आधी थोडीशी जमीन आणि बटाटे एवढ्यावर गरीब पोरं लवकर लग्न करून टाकायची, बाप शेताचे तुकडे करून देत जायचा. मग बटाट्यावर रोग पडला, सुमारे १० लाख लोक मेले आणि त्याहून जास्त देश सोडून गेले. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या जवळपास ८२ लाख होती, १८५१ ला ती ६५ लाखांवर आली. ज्यांनी हे पाहिलं त्यांनी पुन्हा शेताचे तुकडे होऊ दिले नाहीत. बाप शेत सोडत नाही तोपर्यंत पोराचं लग्न नाही, मग तो चाळिशीला टेकला तरी लोक त्याला पोरगाच म्हणायचे. कितीतरी लोक तसेच बिनलग्नाचे म्हातारे झाले.

मला सगळ्यात जास्त वाटते ते मुलींबद्दल. युरोपातल्या बाकी देशांतून जास्त करून पुरुष बाहेर पडले, पण आयर्लंडमधून जवळपास तेवढ्याच एकट्या मुली अमेरिकेला गेल्या, बोस्टन आणि न्यूयॉर्कला लोकांच्या घरी स्वयंपाक-धुणीभांडी केली आणि तिथून पैसे पाठवले. त्या पैशातून भावा-बहिणींची तिकिटं निघाली, आणि कित्येकदा मागे राहिलेल्या बहिणीचा हुंडा पण.

जमिनीचा हिशोब तिकडं फार जुना आहे. साधारण सन ७०० च्या सुमाराचा आयरिश कायद्याचा एक ग्रंथ आहे, त्यात स्त्री-पुरुषांच्या संबंधांचे प्रकार लावले आहेत, आणि ते लावताना पहिले पाहिलं आहे की संसारात संपत्ती कोणी आणली, दोघांनी सारखी, का नवऱ्यानं, का बायकोनं. जिनं बरोबरीनं आणली तिचा व्यवहारातला शब्द वजनदार. त्या काळात घटस्फोट पण होता. मग १९३७ च्या राज्यघटनेनं घटस्फोटावर बंदी घातली आणि ती उठवायला १९९५ चं सार्वमत लागलं, ते पण अगदी थोडक्या मतांनी पास झालं. १९६५ च्या वारसा कायद्याच्या आधी तर एखादा शेतकरी मृत्युपत्रात बायकोला काहीच न देता सगळं शेत पोराच्या नावे करू शकत होता, म्हणजे जी हुंडा घेऊन आली तिचंच नाव नाही. त्या कायद्यानं बायकोचा वाटा पक्का केला, लेकरं असतील तर एक तृतीयांश, नसतील तर अर्धा.

आपल्याकडे हुंडा १९६१ पासून कायद्यानं बंद आहे, तरी तुम्ही लिहिता तसं विचारणं सुरूच आहे, फक्त आता तोंड फिरवून विचारतात. तुमच्या मुलीचं लग्न जमवून राहिले असाल तर माझं एकच म्हणणं, समोरच्याचं ओलीत मोजायच्या आधी तुमच्या सातबाऱ्यावर तिचं नाव लावून घ्या. बाग तिची पण आहे.

प्रश्न (गृहिणी, इतवारी): आमच्या घरी पंचांग पाहिल्याशिवाय पान हलत नाही. गुरु-शुक्राचा अस्त, पौष, अधिक महिना हे सगळं सांभाळून हॉलची तारीख मिळवायची म्हणजे डोक्याला ताप. ख्रिश्चन लोकांत तर मुहूर्त नसतो नं? मग त्यांची लग्नसराई कधी असायची?

उत्तर: घटका-पळं नव्हती, पण लग्नसराई होती आणि ती आपल्याहून आखूड होती. कॅथलिक चर्चनं १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत नियम पक्का केला की नाताळच्या आधीचे आठवडे धरून ६ जानेवारीपर्यंत, आणि पुढे ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ, यात थाटामाटाची लग्नं करायची नाहीत. मधे उरलं काय, तर ६ जानेवारी ते राखेच्या बुधवारपर्यंतचे, म्हणजे ईस्टरचे उपास सुरू होतात त्या दिवसापर्यंतचे थोडे आठवडे. थंडीचे दिवस, शेतात काम कमी, लोक मोकळे, त्यामुळे खेड्यातली बहुतेक सगळी लग्नं या पट्ट्यात कोंबायची आणि राखेच्या बुधवारच्या आदल्या मंगळवारी तर पाद्र्यांना श्वास घ्यायला फुरसत नसायची.

तो मंगळवार हुकला की संपलं. आता ईस्टर होईपर्यंत काही नाही, आणि ईस्टरनंतर पेरण्या, म्हणजे बरेचदा सरळ पुढचं वर्ष. मग गाव त्या राहिलेल्यांच्या मागे लागायचं. उपासाच्या पहिल्या रविवारी पोरं खडू घेऊन चर्चच्या वाटेवर उभी राहायची आणि लग्नाच्या वयाचं पण बिनलग्नाचं कोणी दिसलं की मागून जाऊन कोटावर रेघ मारायची, मन्स्टर भागात या दिवसाला चॉक संडे म्हणायचे. पश्चिमेला कॉनॉटकडे सॉल्ट मंडे, म्हणजे पहिल्या सोमवारी त्यांच्यावर मीठ टाकायचे, का तर पुढच्या वर्षापर्यंत टिकले पाहिजेत.

केरी आणि कॉर्क भागातली चाल आणखीच वेगळी. केरीच्या किनाऱ्यापासून १२ किलोमीटरच्या आसपास समुद्रात स्केलिग मायकल नावाचं उभ्या कड्यांचं बेट आहे, वर जुना मठ आहे आणि १९९६ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. लोकांचा समज असा की तिथले साधू जुनं कॅलेंडर पाळायचे, त्यामुळे तिथं उपासाचा काळ उशिरा सुरू होतो, म्हणजे ज्यांचं राहिलं त्यांनी होडीत बसून तिकडे जाऊन लग्न लावावं. त्यावरून १९ व्या शतकात गावातल्या बिनलग्नाच्या माणसांच्या जोड्या लावून कविता रचायचे, छापून वाटायचे, चांगल्या चांगल्या अब्रूदार लोकांची नावं त्यात असायची. वाचणाऱ्यांना गंमत वाटत असेल, पण ज्या बाईचं लग्न हुंड्यापायी अडलं तिला भर रस्त्यात खडू लागणं म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी तिशी ओलांडलेली मुलगी आहे त्यांना सांगायची गरज नाही. म्हणून मला ही चाल कधीच गोड वाटली नाही.

वारांचं पण एक गाणं होतं, आयर्लंडमध्ये आणि इंग्लंडमध्येही: सोमवार तब्येतीला चांगला, मंगळवार पैशाला, बुधवार सगळ्यात उत्तम, गुरुवार नुकसानीचा, शुक्रवार दुःखाचा आणि शनिवारी तर नशीबच नाही. आणि आज आयर्लंडमध्ये सगळ्यात जास्त लग्नं शुक्रवारी आणि शनिवारी लागतात, कारण सुट्टी तेव्हाच मिळते. तुमच्या सासूबाईंना हे सांगून पहा, हॉल मिळायला कदाचित उपयोग होईल.

प्रश्न (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, हिंगणा रोड): गवताचे मुखवटे घालून लग्नात घुसणारे लोक, हे खरंच होतं का हो? म्हणजे मारबतीतले बडगे जिवंत होऊन रिसेप्शनला आले असं काहीतरी डोळ्यासमोर येऊन राहिलं. यजमान हाकलून देत नव्हते का?

उत्तर: खरंच होतं आणि हाकलायची कोणाची टाप नव्हती. त्यांना स्ट्रॉबॉइज म्हणतात. मेयो, स्लायगो, लीट्रिम, क्लेअर या भागात लग्नाच्या रात्री जेवणं होऊन नाच सुरू झाला की आसपासची न बोलावलेली पोरं टोळीनं यायची, अंगावर गवताच्या पेंढ्यांचा झगा आणि डोक्यावर गवताचीच उंच टोकदार टोपी, ती खाली खांद्यापर्यंत यायची त्यामुळे चेहरा दिसायचाच नाही. त्यांचा एक कॅप्टन असायचा. तो नवरीला नाचायला मागायचा, बाकीचे करवल्यांना, नाचून झालं की प्यायला मिळायचं, नवरा-नवरीला चार चांगले शब्द बोलून निघून जायचे. ते आले म्हणजे संसाराला बरकत. ते आलेच नाहीत तर घरच्यांनाच चुटपुट.

आवाज बदलून बोलायचे, ओळखू यायचं नाही हा त्यातला मोठा भाग. पण मला यात विश्वासापेक्षा शहाणपण जास्त दिसते. लहान गाव, जागा थोडी, सगळ्यांना बोलावणं परवडत नाही, आणि ज्याला बोलावलं नाही त्याच्या मनात राहून जाते. मुखवट्याआडून तोच शेजारी येऊन नाचून, पिऊन, आशीर्वाद देऊन जातो आणि कोणाचा मान जात नाही. त्यांना वाईट वागवलं तर मात्र धुराडं बुजवून ठेवण्यासारखे उद्योग करून जायचे म्हणे. हल्ली तिकडं लग्नात हौसेनं स्ट्रॉबॉइज पुन्हा बोलावतात, म्हणजे आता न बोलावलेल्यांना बोलावून आणतात.

प्रश्न (नवविवाहिता, उमरेड): सासरी आले तेव्हा सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग माप ओलांडलं. तिकडच्या सुनेचं घरात येणं कसं असायचं? आणि परी नवरीला पळवते असं मागे कुठंतरी वाचलं होतं ते काय आहे?

उत्तर: आधी नवरीची दौड ऐका. जुन्या काळी लग्न मुलीच्याच घरी किंवा तिच्या गावी लागायचं आणि सासरी जाणं नंतर, कधी त्याच रात्री, कधी काही दिवसांनी. वरातीतली घोड्यावरची पोरं पुढे शर्यत लावायची, जो सासरच्या दाराशी पहिला पोचेल त्याला व्हिस्कीची बाटली, ती घेऊन तो उलट फिरायचा आणि येणाऱ्या नवरा-नवरीला द्यायचा. काही भागात वाटेत दोर आडवा धरून गाडी अडवायचे आणि नवरदेवाकडून पैसे घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत. मग दारात सासू ओट्सची भाकरी घेऊन उभी, सून उंबऱ्यात आली की ती भाकरी तिच्या डोक्यावर मोडायची. घरात खायला कमी पडू नये म्हणून. तुकडे गोळा करायला पाहुणे धावायचे, मुली तर जास्तच.

आता परीचं. तिकडच्या परी म्हणजे आपल्या पुस्तकातल्या पंखवाल्या गोड मुली नाहीत, ते टेकड्यांखाली राहणारे लोक, त्यांना देखणं माणूस आणि देखणं जनावर आवडते आणि ते उचलून नेतात, मागे तसंच दिसणारं पण आजारी, चिडकं काहीतरी ठेवून देतात, असा समज. नवरी त्या दिवशी सगळ्यात देखणी, म्हणून तिला धोका जास्त. नाचताना तिचे दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटू द्यायचे नाहीत. हिरवा रंग त्यांचा, म्हणून हिरवा पोशाख टाळायचा, म्हणजे आपल्याकडे हिरवा चुडा आणि तिकडं हिरव्याची भीती. या परीवरच्या विश्वासातून पुढे काय घडलं ते खाली धरमपेठच्या ताईंच्या उत्तरात लिहिलं आहे, ते नक्की वाचा.

प्रश्न (हॉस्टेलमधली मुलगी, अमरावती रोड): हॅलोवीनच्या केकमध्ये अंगठी टाकतात ती लग्नासाठी का?

उत्तर: हो. ३१ ऑक्टोबरच्या रात्री बार्मब्रॅक नावाचा मनुकांचा गोड ब्रेड कापतात, ज्याच्या तुकड्यात अंगठी त्याचं वर्षभरात लग्न, चिंधी आली तर गरिबी, नाणं आलं तर पैसा. आजही दुकानातल्या ब्रॅकमध्ये अंगठी असते. शेकोटीत दोन नट शेजारी ठेवायचे, शांत जळले तर जोडी टिकेल, एखादा उडाला तर नाही. सफरचंदाचं साल एकसंध काढून खांद्यावरून मागे टाकायचं आणि पडलेल्या सालात नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर शोधायचं. जिचं लग्न शेतावर आणि बापाच्या घासाघिशीवर ठरणार आहे तिला निदान एक रात्र तरी स्वतःच्या मनातलं अक्षर शोधता यायचं, म्हणून हे खेळ मला फार जवळचे वाटतात. करून पहा मैत्रिणींसोबत, फक्त हॉस्टेलमध्ये शेकोटी पेटवू नका.

प्रश्न (शिक्षिका, धरमपेठ): वाचलं की आयर्लंडमध्ये लग्नाला जाताना लाल केसांची बाई भेटली तर अपशकुन मानायचे. माझी मावशी विधवा आहे, तिनंच मला वाढवलं, शाळेची फी भरली. माझ्या हळदीच्या दिवशी ती स्वतःच मागच्या खोलीत जाऊन बसली. मी काही बोलू शकले नाही. मग मनात आलं की जगात सगळीकडेच हे आहे तर याला काही इलाज नाही का?

उत्तर: ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. हो, तिकडं लाल केसांची बाई वाटेत येणं वाईट समजायचे, पश्चिमेकडचे कोळी तर अशी बाई दिसली तर मासेमारीला न जाता घरी परत यायचे. लग्न लागल्यावर नवरीला पहिली शुभेच्छा पुरुषानंच द्यावी, बाईनं दिली तर वाईट, असंही होतं. पहा, कोणाच्या नावावर अपशकुन लावायचा हे ठरवताना बहुतेक वेळा बाईच सापडते, तिचे केस नाहीतर तिचं नशीब.

अशा समजुती नुसत्या बोलण्यात राहत नाहीत हे सांगायला एक घडलेली गोष्ट सांगते. टिपररी परगण्यात बॅलिव्हॅडली नावाचं ठिकाण. तिथं ब्रिजेट क्लिअरी नावाची पंचविशीतली बाई राहायची, शिवणकाम करायची, स्वतःचं शिलाई मशीन होतं, कोंबड्या पाळून अंडी विकायची, म्हणजे हातात स्वतःचा पैसा. १८९५ च्या मार्चमध्ये ती आजारी पडली. नवरा मायकल क्लिअरी, लाकडी पिंपं बनवणारा, त्याच्या डोक्यात बसलं की ही माझी बायको नाहीच, परींनी तिला नेलं आणि ही बदललेली ठेवली. डॉक्टर येऊन गेला होता, पाद्री येऊन गेला होता. तरी जडीबुटी पाजली, नातेवाइकांनी तिला धरून ठेवलं, तिचा स्वतःचा बाप घरात होता, आणि तिला पुन्हा पुन्हा विचारलं की तू ब्रिजेटच आहेस का सांग. १५ मार्चच्या रात्री नवऱ्यानं तिला जाळलं. आठवड्यानं पोलिसांना तिचं प्रेत उथळ खड्ड्यात सापडलं. आणि नवरा मधल्या काळात जुन्या गढीच्या टेकाडापाशी रात्री जाऊन बसायचा की ती पांढऱ्या घोड्यावर येईल, मग तिला सोडवून आणतो. कोर्टानं सदोष मनुष्यवध धरला, त्यानं १५ वर्षं तुरुंगात काढली.

त्या घरात शेजारी होते, चुलत भावंडं होती, कोणीही एकटं नव्हतं. मला राहून राहून तेच खुपते. एकानं जरी ठाम उभं राहून, ही ब्रिजेटच आहे, सोडा तिला, असं म्हटलं असतं तर.

म्हणून इलाज नाही असं म्हणू नका. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना तसंच करायचं आवाहन केलं. गावानं ठरवलं तर एका सभेत होते. तुमची हळद होऊन गेली, पण घरात पुढे काही ना काही येईलच, डोहाळजेवण, बारसं, भावाचं लग्न. तेव्हा मावशीला आधी जाऊन सांगू नका, ती नाहीच म्हणेल, आयुष्यभर तिला तेच शिकवलं. सगळ्यांसमोर पहिली हळद लावायला तिचा हात धरून आणा आणि पाट तिच्यासाठी मांडा. कोणी काही बोललं तर उत्तर तुम्ही द्या, तिच्यावर सोडू नका.

शाळेत आहात म्हणून आणखी एक. आयर्लंडला १९३७ ते १९३९ या काळात जवळपास ५,००० प्राथमिक शाळांतल्या मुलांना काम दिलं होतं की घरच्या, गावच्या म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या चाली, गोष्टी, औषधं, लग्नाच्या रीती विचारून वहीत लिहून आणा. सुमारे ५०,००० मुलांनी लिहिलं आणि ते सगळं आज जपून ठेवलेलं आहे. अशा नोंदींमुळेच मी तुम्हाला एवढं सांगू शकते. तुमच्या सातवी-आठवीच्या मुलांना असंच काम द्या, आणि त्यात एक प्रश्न हाही घाला की तुमच्या घरी लग्नात कोणाला मागे बसवायचे आणि त्यांना कसं वाटायचं.

प्रश्न (एक आई, मानेवाडा): मुलगा कॉर्कला नोकरीला आहे, तिथल्याच मुलीशी ऑगस्टमध्ये लग्न ठरलं, तिकडेच लागणार. मुलीची आजी म्हणते आदल्या रात्री बाळ येशूची मूर्ती बाहेर झुडपाखाली ठेवणार. हे काही करणीबिरणी तर नाही नं? आणि मुलानं बोटात घातलेल्या अंगठीचा फोटो पाठवला, उजव्या हातात आहे, दोन हातांनी बदाम धरला आहे आणि वर मुकुट. ती लग्नाची अंगठी आहे का मग?

उत्तर: करणीबिरणी काही नाही, पावसाची व्यवस्था आहे. प्राग शहरातल्या चर्चमध्ये बाळ येशूची एक जुनी, छोटी मूर्ती आहे, राजासारखे कपडे घातलेली, तिच्या प्रतिकृती आयर्लंडच्या कॅथलिक घरांत देवघरातल्या मूर्तीसारख्या असतात. लग्नाच्या आदल्या रात्री ती बाहेर झुडपाखाली नाहीतर दाराबाहेर ठेवली की दुसऱ्या दिवशी ऊन पडते अशी श्रद्धा. मूर्तीचं डोकं आपोआप तुटलेलं असेल तर आणखीच चांगलं समजतात, त्यामुळे आजीच्या मूर्तीला मान नसली तर घाबरू नका आणि नवी आणून देऊ नका. आयर्लंडच्या पश्चिमेला काही भागात वर्षातले सव्वादोनशे दिवस पावसाचे असतात, आणि तुमचं लग्न ऑगस्टमध्ये, मग आजी दुसरं काय करणार. तुम्ही पण त्या रात्री तिच्यासोबत बाहेर जाऊन मूर्ती ठेवा, तिला फार बरं वाटेल. आणि पैठणीवर घालायला एक चांगला रेनकोट इथून बर्डीवरून घेऊन जा.

हिरवी पैठणी मात्र आजीला आधी विचारून नेसा. वर उमरेडच्या ताईंना लिहिलं ते कारण. बहुतेक काही म्हणणार नाही, हल्ली तिकडं कोणी फारसं मानत नाही, पण विचारलं की मान राहतो.

अंगठी आहे ती क्लाडाची. गॉलवे शहराच्या जुन्या तटाबाहेर क्लाडा नावाची कोळ्यांची वस्ती होती, तिथून तिचं नाव पडलं. हात म्हणजे मैत्री, बदाम म्हणजे प्रेम, मुकुट म्हणजे निष्ठा. पूर्वी आईकडून मुलीकडे ही अंगठी जायची. घालायची रीत अशी की उजव्या हातात आणि बदामाचं टोक बोटाच्या टोकाकडे असेल तर माणूस मोकळा आहे, उजव्याच हातात पण टोक मनगटाकडे असेल तर मन कोणाला दिलेलं आहे, आणि लग्न लागलं की डाव्या हातात, टोक मनगटाकडे. तुमच्या फोटोत टोक मनगटाकडे आहे, म्हणजे बरोबर घातली आहे. ऑगस्टमध्ये ती डाव्या हातात जाईल. सुनेला इथून मंगळसूत्र नेणार असाल तर न्या, पण तिच्या आईला आधी फोन करून विचारा की त्यांच्या घरात अशी जुनी अंगठी आहे का, कारण ती असेल तर त्या दिवशी तीच आधी घालतील आणि तुमचं मंगळसूत्र त्यानंतर.